भाकरीबरोबर आलेली बातमी

चाकणच्या आमच्या कंपनीत कॅन्टीनला माझ्यासमोर बसणारा वेल्डर चहात भाकरी चुरतो आणि वर ठेचा घालतो. "ल्हानपणापासनं हीच न्याहारी हाय," म्हणतो. भाकरी कालच्या पेपरात गुंडाळलेली असते. त्या पानावरच्या बातम्या तो आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवतो. मोबाईलवरचं कुणी सांगू लागलं की कान झाकून घेतो. "थांब राव, उद्या येईल भाकरीबरोबर."

क्रिकेटची फायनल झाली. फटाके त्यानंही ऐकले असणार, पण छापून आल्याशिवाय तो मानत नाही. दुसऱ्या दिवशी सगळं टेबल त्याच्यासाठी गप्प राहिलं. तिसऱ्या दिवशी त्यानं भाकरीचं पुडकं सोडलं, तेलकट मथळा उजेडात धरला.

"व्हय की, जिंकलो आपण."

आम्ही ताटं बडवली. सगळ्यात जोरात मी. फायनलच्या रात्री खोलीवर मी एकटाच जिंकलो होतो.