वळणावरची पोकळ फरशी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिंहगड रस्त्यावरच्या एका टाइल्सच्या दुकानात उभी होते. धायरीतल्या माझ्या घराची फरशी बदलायची होती. सेल्समन एकेक नमुना पुढे मांडत होता. "मॅडम, ही मॅट, ही ग्लॉसी, ही वुडन फिनिश. वुडनला सध्या फार डिमांड आहे." तेवढ्यात माझ्या भाच्याचा, केदारचा फोन आला. "आत्या, बाबा गेले. सकाळी झोपेतच..." मी "येते" म्हटलं आणि फोन ठेवला. सख्खा मोठा भाऊ गेल्यावर माणसाच्या मनात काय यायला हवं ते मला माहीत आहे. माझ्या मनात आलं, की याने हीही फरशी मला धड निवडू दिली नाही. मी परस्पर स्मशानात गेले आणि तिथूनच रिक्षा करून घरी परतले. शोकसभेत सगळ्यांनी त्याला शिस्तीचा, कष्टाळू आणि कुटुंबवत्सल म्हटलं. शिस्तीचा होता, यात वाद नाही. आता त्याच्या स्मरणार्थ निघणाऱ्या या पुरवणीसाठी माझ्याकडून आठवणी मागितल्यात, म्हणून सांगून ठेवते, मी चांगलंच लिहीन अशी अपेक्षा ठेवू नका.

दादा बांधकामांवर सुपरवायझर होता. फरशीतलं आपल्याला कळतं तेवढं पुण्यात कुणाला कळत नाही, अशी त्याची खात्री होती. कुणाच्याही घरी गेला, की पाणी पिण्याआधी टाचेने फरशी ठोकायचा, मान वाकडी करून आवाज ऐकायचा आणि निकाल द्यायचा, "पोकळ आहे. खाली माल नीट भरलेला नाही." माझ्या लग्नानंतर तो पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा सासूबाईंसमोर त्याने हेच केलं. चहा येईपर्यंत चार फरश्या नापास झाल्या होत्या. त्या फरश्या मी स्वतः बसवल्यासारख्या सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. कामावर तर एका पोकळ फरशीपायी त्याने अख्ख्या खोलीचं काम उखडायला लावलेलं आहे. रशीदभाई नावाचे मिस्त्री त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं होते. तो ओरडायचा आणि ते निमूटपणे पुन्हा माल कालवायला घ्यायचे. त्यांच्या सहनशक्तीचं मला कायम आश्चर्य वाटायचं.

आमची आई बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये राहायची. वडील गेल्यावर दादा आणि वहिनी तिच्यासोबत होते. हॉलमध्ये जुन्या मोझेकच्या फरश्या, स्वयंपाकघरात खरबरीत शहाबादी आणि दोन्हींच्या मध्ये कडाप्पाचा उंबरा. काचबिंदूने आईची नजर हळूहळू गेली. शेवटी तिला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. पण ती घरात हात न धरता फिरायची. पाय गुळगुळीत जागेवर आहे तोवर हॉल, बोटांना उंबरा लागला की स्वयंपाकघर आलं, तळव्यांना खरखर लागली की ओटा चार पावलांवर. आणि बाथरूमकडे वळायच्या जागी मोझेकची एक फरशी पोकळ होती. पाय पडला की जराशी डुगडुगायची, ठक् असा आवाज यायचा. आई म्हणायची, "ही मला हाक मारते बघ, की बाई, इथे वळ." स्वतःचा चहा ती स्वतः करायची. पातेल्यात बोट बुडवून दूध किती आहे ते बघायची आणि आम्ही ओरडलो, की हसायची.

दादाला ती एक फरशी डाचायची. आंधळ्या बाईच्या घरात उंबरा आणि डुगडुगणारी फरशी म्हणजे त्याच्या मते हाडं मोडायचं आमंत्रण होतं. म्हणून त्याने ठरवलं, की सगळं उखडायचं आणि घरभर एकसारखी, सपाट, व्हिट्रिफाइड टाइल घालायची. उंबरासुद्धा नको. इथे मला माझंही लिहायला हवं, नाहीतर हा लेख खोटा होईल. टाइल पसंत करायला तो मला दुकानात घेऊन गेला होता. मला शाळेत पेपर तपासायला जायची घाई होती. दोन मिनिटांत मी एका क्रीम रंगाच्या चकचकीत टाइलवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "ही बरी दिसते." ज्या बाईला दिसतच नव्हतं, तिच्यासाठी मी दिसायला बरी फरशी निवडली... त्या दिवशी दुकानात रशीदभाईही होते. ते एवढंच म्हणाले, "साहेब, किचनची शहाबादी राहू द्या. अम्मांना सवय आहे." दादा म्हणाला, "रशीद, तू माल कालव. डोकं मी चालवतो."

काम चालू असताना आई महिनाभर माझ्याकडे धायरीला होती. परत नेलं तेव्हा दादा दारात उभा होता, शाबासकीची वाट बघत. आईने चप्पल काढली, चार पावलं टाकली आणि थांबली. पायाने इकडेतिकडे चाचपलं. मग तिने मला विचारलं, "नंदा, आपण कुणाकडे आलोय गं?" दादा हसला. म्हणाला, होईल सवय. सवय झाली नाही. पायाखाली सगळीकडे तेच थंड, गुळगुळीत काहीतरी. ती दोनदा भिंतीवर आपटली, एकदा बाथरूम समजून गॅलरीच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि त्यानंतर पलंगावरून उतरायचंच सोडून दिलं. चार वर्षं ती पलंगावर बसून होती. बाथरूमला जायला हाक मारावी लागते म्हणून पाणी कमी प्यायची. मी दादाशी भांडले, त्याच्या तोंडावर म्हटलं, "तू आईचं घर काढून घेतलंस." तो म्हणाला, "ती पडली का? एकदा तरी पडली का? मग!" टाइल तूच निवडली होतीस, असंही तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही. पण चुकलं, हा एक शब्द मला त्याच्याकडून हवा होता, आईला हवा होता, आणि तो त्याने शेवटपर्यंत दिला नाही. आई गेल्यावर मी त्याच्याशी बोलणं सोडलं.

वहिनी गेल्यावर तो वाघोलीला केदारकडे राहायला गेला. त्या घरी मी कधी पाऊल ठेवलं नाही. शेवटचा पाहिला तो केदारच्या मुलीच्या बारशाला. कार्यालयाच्या हॉलमध्ये खुर्चीत बसला होता, डोळ्यांना काळा चष्मा. मी समोर जाऊन उभी राहिले आणि तो आधी बोलेल म्हणून थांबले. त्याने मानसुद्धा हलवली नाही. मी मनात म्हटलं, एवढी मिजास? आणि न जेवता निघून आले.

तेराव्याला मी पहिल्यांदा वाघोलीला गेले. केदारने दादाची खोली दाखवली. घरभर तीच चकचकीत टाइल आणि तिच्या मधोमध पलंगापासून निघालेला खरबरीत शहाबादीचा हातभर रुंद पट्टा. तो दारापर्यंत जाऊन बाथरूमकडे वळला होता. मी केदारला विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, "आत्या, बाबांना तीन वर्षं दिसत नव्हतं. आजीचाच आजार. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती." म्हणजे बारशाच्या दिवशी मी त्याच्यासमोर मुकाट उभी होते आणि तिथे कुणी आहे हेच त्याला कळलं नव्हतं... मी चप्पल दाराबाहेर काढून आले होते. डोळे मिटले आणि पट्ट्यावरून चालायला लागले. वळणाशी पायाखालची फरशी डुगडुगली. ठक्.

मी पाऊल मागे घेतलं आणि पुन्हा त्याच फरशीवर ठेवलं. केदार म्हणाला, "ती एक हलते. रशीदभाई नीट बसवत होते, बाबांनीच नको म्हटलं. तासभर बसून त्यांच्याकडून पोकळ करून घेतली."

म्हणजे त्याला कळलं होतं. आईचं काय गेलं ते त्याला अगदी वीतभर जागेसकट कळलं होतं, आणि बहिणीला एक फोन करणं त्याच्याच्याने झालं नाही. हा आजार भावंडांत असतो, बहिणीचे डोळे तपासून घ्या, हेही त्याला डॉक्टरांनी सांगितलं असणारच. ते मला आता, माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून कळलं. रोज दोन वेळा थेंब घालते आहे. एका बाजूची थोडी नजर गेली आहे, ती परत येणार नाही म्हणतात. मी दादाला माफ केलेलं नाही, आणि मला तशी घाईही नाही.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा त्या दुकानात गेले. वुडन फिनिशवाल्याला नमस्कार केला आणि शहाबादी सांगितली. कामाला रशीदभाईंना बोलावलं आहे. ते आता थकलेत, पण आले, पलंग कुठे, बाथरूम कुठे ते बघून गेले. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "ताई, वळणावर एक पोकळ ठेवू?"

मी म्हटलं, "ठेवा. साहेबांनी करून घेतली होती, अगदी तशीच."