मामांच्या नावाचं भगोणं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट ठाऊक नाही. कदाचित तुम्ही आमच्या गावचे नाही म्हणून.

सुरुवात बियरपासून करतो — ते सांगायला सोपं आहे. मी वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. शहर तेव्हा लगतच्या सातारा गावाच्या डोंगराकडे सरकत चाललं होतं. आमची नवी इमारत उभी राहिली, पण नळ काही तिच्यापर्यंत पोचला नाही, टँकर यायचा. त्यात दुष्काळ पडला, आणि तेव्हाच मला गच्चीवर घरची बियर करायचं खूळ लागलं. शेजारी भांडी घासलेलं पाणी कुंड्यांना घालत होते आणि मी उकळलेला रस थंड करायला बादल्यांमागून बादल्या ओतत होतो. तेही पापच. पण मला सांगायचंय ते हे नाही.

बियरसाठी आधी जवाच्या मोडांचा रस तासभर खळाखळा उकळावा लागतो. घरच्या शेगडीचं ते काम नाही. शहागंजच्या बाजारातून मी हलवायाकडे असते तशी लोखंडी भट्टी आणली — तीन पायांची, गॅसच्या टाकीला जोडायची. पोरीला स्थळ बघावं तितकी चौकशी केली. पाय रुंद आहेत का, भरलं भांडं कलंडणार तर नाही, गच्चीवरच्या वाऱ्यात ज्योत टिकेल का. भट्टी मनासारखी मिळाली. अडलं ते भांड्यावर. दुकानातली सगळी पातळ बुडाची. रस तळाला लागला की बियरला करपट वास येतो. दुकानदाराने दोन-तीन भांडी बोटाने वाजवून दाखवली आणि म्हणाला, पहिल्यासारखा जाड तळ आता येत नाही. तेव्हा मला आत्याचं भगोणं आठवलं.

आत्या कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावात राहायची. आम्ही मूळची मेंढरांमागची माणसं. मामा, म्हणजे आत्याचे मालक, गेल्यावर तिने आपल्या मेंढ्या विकून जाड बुडाचं मोठं स्टीलचं भगोणं घेतलं, त्यावर मामांचं नाव कोरलं आणि ते गावाला दिलं. लग्नाचा, देवाच्या पंगतीचा भात त्यातच शिजायचा. गावाची बाकीची भांडीही तिच्याच घरी असायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिच्याकडून कधी एक पळीसुद्धा हरवली नाही. गावात तिला मान होता तो एवढाच, आणि तिला तो पुरत होता.

मी तिला सांगितलं, सोसायटीत सत्यनारायण आहे, प्रसादाला मोठं भांडं हवं. त्या वर्षी पंगती कमी होत्या. भगोण्यात तिने शेळ्यांसाठी टँकरचं पाणी साठवलं होतं. माझ्यासमोर तिने ते तांब्या-तांब्याने कळशीत, बादलीत, शेवटी परातीतसुद्धा काढून ठेवलं. मग पदराने आतून पुसून भगोणं मला दिलं. मी काय करत होतो? मोबाइलवर तोटीचं माप बघत होतो.

उकळता रस उचलून ओतता येत नाही, म्हणून भांड्याला खाली तोटी बसवतात. कारखान्यात नेऊन मी भगोण्याला भोक पाडलं — मामांच्या नावाखाली चार बोटं. वाईट वाटलं का? नाही. भोक अगदी गोल पडलं म्हणून मी खूश होतो.

तरीही इथपर्यंतचं निस्तरता आलं असतं. आत्याच्या पायावर डोकं ठेवलं असतं तर तिने दोन शिव्या घातल्या असत्या आणि जेवायला वाढलं असतं. मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो.

मग गावात एक लग्न निघालं. आत्याने सांगितलं, भगोणं भाच्याला दिलंय. गावातले जाणते तात्या, त्यांनी मला फोन केला. मी पाळीवर होतो, मशीनजवळ.

"तुझी आत्या म्हणती, भगोणं तुझ्याकडं दिलं. व्हय का?"

एवढंच विचारलं. व्हय म्हणायचं होतं. पण मग — आण म्हणणार. आणलं की भोक दिसणार. देवाच्या पंगतीच्या भांड्यात साहेबाने दारू उकळली, हे गावभर होणार. गावात मला साहेब म्हणत, आणि मला ते आवडत होतं.

"नाय तात्या," मी म्हणालो. "माझ्याकडं नाय."

तात्यांचा फोन स्पीकरवर होता. आत्या तिथंच बसली होती. हे मला चुलतभावाने नंतर सांगितलं. सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती म्हणाली, "मग माझंच चुकलं आसंल. वय झालं, ध्यानात ऱ्हात नाय."

ती माझा आवाज ओळखत नव्हती का? तिनेच मला लहानाचं मोठं केलं होतं.

गावाने काय समजायचं ते समजून घेतलं. दुष्काळात म्हातारीने भांडं विकून खाल्लं, तेही नवऱ्याच्या नावाचं. तोंडावर कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी बाकीची भांडी उचलून देवळाच्या खोलीत ठेवली आणि खोलीला कुलूप घातलं. आणि मी? मामांच्या नावावर ग्राइंडर फिरवला आणि भगोणं भंगारात घातलं. त्यानंतर बियर सोडली असं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. सोडली नाही. नव्या भांड्यात दोन वर्षं करत होतो.

आत्या त्यानंतर बरीच वर्षं जगली. दर दिवाळीला मी जायचो, पाया पडायचो, आता विचारेल, मग विचारेल म्हणून चहा होताच उठायचो. तिने कधीच विचारलं नाही. मला वाचवण्यासाठी ती गावासमोर खोटी ठरली आणि माझ्यासमोर तिने त्याचा उच्चारही केला नाही. मला तिचा राग यायचा. हेही सांगून ठेवतो.

ती गेली. तेराव्याला गाव जेवायला आलं. मी पंगतीत भात वाढत होतो. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, बाई लई चांगली होती, पण शेवटी भांडं विकलं तिनं. मी तिच्या समोर वाकलेलो होतो. तोवर माझी नोकरी संपली होती, तात्या वारले होते, ज्याला घाबरावं असं कोणी उरलं नव्हतं. सगळं गाव एका जागी बसलेलं होतं.

मी पुढच्या पानावर भात वाढला.