कापडाचा बिबट्या

ते दुकान उघडलं उन्हाळ्याच्या सुट्टीत, नारायणगावला, स्टँडजवळच्या एका खताच्या दुकानावरच्या खोलीत. मुलांनी तिथे जाऊन आपलं खेळणं आपणच बनवायचं. प्राण्याची रिकामी खोळ निवडायची, तिच्यात कापूस भरायचा आणि दुकानातल्या बाई ती शिवून देणार. माझ्या थोरल्या मुलीला हे मैत्रिणीकडून कळलं आणि तिनं घर डोक्यावर घेतलं.

मला काही ते पटलं नाही. तयार खेळणी आठवडे बाजारात ढिगानं मिळत होती. मग पोरांनाच कामाला लावून खेळणी करून घेणाऱ्या ह्या बाई कोण? कुठल्या? मी दोघीतिघींना विचारलं. एक म्हणाली पुण्याच्या आहेत, दुसरी म्हणाली नाशिककडच्या, तिसरी म्हणाली, "नवऱ्यानं टाकलेलीय म्हणं." माझी आई आम्हाला लहानपणी सांगायची, तिठ्यावर पडलेली कापडी बाहुली कधी उचलू नका, वरचं कापड सगळ्यांना दिसतं, आतलं शिवणाऱ्यालाच ठाऊक. मी शिकलेली होते, शाळेत शिकवत होते, करणीबिरणीवर माझा विश्वास नव्हता. तरी आईचं ते बोलणं गेलं नव्हतं.

मी गेले ती मुलासाठी. तो सहा वर्षांचा. होळीच्या आसपास आमच्या निरगुडसरच्या घरासमोरून बिबट्यानं कुत्रं नेलं होतं, तेव्हापासून तो गप्प झाला होता. त्या वर्षांत आमच्याकडे ऊस वाढला आणि उसाबरोबर बिबटेही वाढले. शेळी गेली, वासरू गेलं, हे रोजचंच झालं होतं. पण आमचं लाल कुत्रं पोरांच्या अंगाखांद्यावर वाढलेलं. सकाळी उसाच्या कडेला त्याचा पट्टा सापडला, दुसरं काही नाही. मुलगा तेव्हापासून दिवे लागणीनंतर उंबरा ओलांडेना. लघवीला जायचं तरी माझा पदर धरून.

घरातही तेव्हापासून बिनसलं होतं. कुत्र्याला संध्याकाळी साखळीनं बांधायचं काम माझ्या धाकट्या दिरांचं. साखळी खुंटीला तशीच होती, तुटलेली नव्हती. म्हणजे कुत्रं मोकळं होतं. सासूबाई दिरांना म्हणाल्या, "मोबाईलवर बोलत बसला असशील, बांधलंच नसशील." दीर शपथेवर सांगत होते, "बांधलं व्हतं गं आई. मी सोता बांधलं व्हतं." कुणाला खरं वाटलं नाही. मलाही नाही. तेव्हापासून ते जेवायला सगळ्यांबरोबर बसत नव्हते.

तर मी दोन्ही मुलांना घेऊन निघाले. मंचरपर्यंत एक जीप, पुढे हायवेनं दुसरी. जीपमध्ये मी मुलांना बजावलं, बाई काही खायला देतील तर घ्यायचं नाही, आणि घरचं काही सांगायचं नाही.

"घरचं म्हंजे काय?" मुलीनं विचारलं.

"म्हणजे काहीच नाही सांगायचं."

खोली स्वच्छ होती. एका भिंतीला रिकाम्या खोळी टांगलेल्या: ससे, अस्वलं, हत्ती. पोकळ अंगं आणि शिवलेले डोळे. मला ते बघवेना. कोपऱ्यात पांढऱ्या कापसाची मोठी पारदर्शक पिशवी, आणि वर पाटी, 'शंभर टक्के नवीन कापूस'. कुणी न विचारता जो नवीन म्हणून सांगतो, त्याचा माल मी आधी उलटून बघते.

बाई चाळिशीच्या, अंगानं बारीक. बोलणं गोड. मी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"आता इथलीच म्हणायची," त्या हसून म्हणाल्या. हे काही उत्तर झालं नाही.

मोठ्यांनी बाहेरच्या बाकावर बसायचं, अशी तिथली पद्धत होती. आत ठेंगणं टेबल, त्याच्याभोवती फक्त मुलं. मध्ये पडदा नव्हता, पण बोलणं ऐकू येईल इतकं जवळही नव्हतं. मी बाक ओढून शक्य तेवढा पुढे घेतला. बाईंनी ते पाहिलं.

मुलीनं लगेच ससा धरला. मुलगा भिंतीसमोर नुसता उभा. मग त्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला, कारण कितीतरी दिवसांत तो इतक्या मोठ्यानं बोललाच नव्हता.

"बिबट्या हाय का?"

बाई म्हणाल्या, वाघ आहे. त्यानं मान हलवली. "पट्टे नको. ठिपके पायजे."

बाईंनी एक पिवळी खोळ काढली, बहुतेक सिंहाची, आयाळ न लावलेली. कापडावर लिहायचं काळं पेन त्याच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "काढ ठिपके. बिबट्या तूच बघितला असशील, मी नाही बघितला." तो वाकून ठिपके काढायला लागला आणि काढता काढता बोलायला लागला. हळू, पण थांबेचना. बाई ऐकत होत्या. मध्येच काहीतरी विचारत होत्या. मी कान देऊन ऐकत होते तरी फक्त 'गोठा' आणि 'अंधार' एवढंच कळलं. घरी माझ्याशी शब्द न बोलणारं पोर ह्या परक्या बाईला काय सांगतंय? आणि हिला आमच्या गोठ्याची चौकशी कशाला? त्या सुमारास पोरं पळवणाऱ्या टोळीच्या वावड्याही उठत होत्या. घर कुठे, माणसं किती, सगळं असंच पोरांकडून काढून घेतात, असं बाया सांगायच्या.

कापूस भरताना मुलानं हात चड्डीच्या खिशात घातला आणि मूठ बाहेर काढली. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग नजर वळवली आणि त्याच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठीआड काय झालं ते मला दिसलं नाही. मी उठेपर्यंत सुई चालायला लागली होती.

"काय घातलं आत?" मी विचारलं.

"कापूस," बाई म्हणाल्या. मुलगा माझ्याकडे बघत नव्हता.

घरी सासूबाईंनी तो बिबट्या पाहिला आणि कपाळाला हात लावला. "बाहेरचा कमी व्हता म्हून घरात आणला?" मुलगा त्याला कुशीत घेऊन झोपायला लागला. एकदा पांघरूण सारखं करताना माझा हात बिबट्याच्या पोटावर पडला आणि आत काहीतरी कडक लागलं. दाबलं तर बारीक किणकिणलं.

मला दुसरं काही सुचेना. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं शेजारी खेळायला गेली, तेव्हा मी कात्री घेतली आणि पोटाची शिवण उसवली. वर पांढरा कापूस होता, बोटभर. त्याखाली रंगीत चिंध्या, शिंप्याच्या दुकानात खाली पडतात तसल्या कातरणी. शंभर टक्के नवीन! एका परीनं मला बरंच वाटलं, की माझा संशय खोटा नव्हता. मग बोटं आणखी आत घातली आणि हाताला लागला तो कुत्र्याचा पट्टा. घुंगरू असलेला, लाल, दातांच्या खुणा असलेला. तो कुणीतरी टाकून दिला असं आम्ही समजत होतो.

मी मुलाला हाक मारली नाही. पिशवीत बिबट्या घातला, मुलांवर लक्ष ठेवायला सासूबाईंना सांगितलं आणि सरळ नारायणगाव गाठलं. बाई एकट्याच होत्या. मी त्यातल्या मूठभर चिंध्या त्यांच्या टेबलावर टाकल्या.

"हा नवीन कापूस?"

त्यांचा चेहरा उतरला. "सगळा नवीन परवडत नाही, ताई. पाटी काढते."

"आणि हा पट्टा? माझ्या पोरानं आत काय ठेवलं, ते मला का नाही सांगितलं? मी विचारलं तर कापूस म्हणालात."

त्यांनी टेबलावरच्या चिंध्या गोळा केल्या. मग म्हणाल्या, "त्यानं मला विचारलं, बिबट्याच्या पोटात कुत्रं असतं ना? मी म्हटलं, असेल. मग त्यानं हे काढलं. मी म्हटलं आईला दाखव. तर रडवेला झाला. म्हणाला, आईला कळलं तर काकाला कळंल."

"काकाला? काकाचा काय संबंध?"

"ते त्यालाच विचारा," बाई म्हणाल्या. "माझ्या तोंडून नको. पण रागवू नका त्याला."

परतीच्या जीपमध्ये मी त्या बाईंवर आणखीच चिडलेली होते. माझ्या मुलाची गोष्ट त्यांना ठाऊक आणि मला नाही. घरी आले तर मुलगा ओसरीवर, बिबट्या शोधून शोधून दमलेला. माझ्या हातात तो फाटलेला पाहिला. मला वाटलं रडेल. तो रडला नाही. जवळ येऊन त्यानं पोटात हात घालून पट्टा आहे का ते पाहिलं.

"काकाला काय कळायला नको?" मी विचारलं.

मग त्यानं सांगितलं. त्या संध्याकाळी त्याला लघवीला लागली होती. घरात सगळी कामात. एकट्यानं गोठ्यामागे जायची भीती वाटली, म्हणून त्यानं कुत्र्याला साखळीतून सोडलं आणि बरोबर नेलं. कुत्रं एकदम उसाकडे तोंड करून उभं राहिलं. मग भुंकत पळालं. "मग भुकायचं थांबलं," तो म्हणाला. तो धावत घरात आला आणि चुलीजवळ जाऊन बसला. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला, आणि आजी काकाला बोलायला लागली. मग त्याला तोंडच उघडता आलं नाही.

मी त्याला जवळ ओढून घेतलं. बिबट्यापासून दहा पावलांवर माझं पोर एकटं उभं होतं, आणि आम्ही सगळे इतके दिवस साखळी कुणी बांधली नाही यावर भांडत होतो.

ह्यांना आणि सासूबाईंना मी त्याच्यासमोरच सांगितलं. सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि आत जाऊन मीठमोहरीनं त्याची दृष्ट काढली. दीर तेव्हा विहिरीवर पाण्याची मोटार चालू करायला गेले होते. ते आले तसा मुलगा माझ्यामागे लपला. मीच बोलले, "भाऊजी, तुम्ही बांधलं होतं."

"मी काय येगळं सांगत व्हतो?" ते म्हणाले. आवाज चढला होता. मग सगळं ऐकल्यावर ते खाली बसले, मुलाच्या उंचीला.

"हे बघ," ते त्याला म्हणाले, "बिबट्या बांधलेलं कुत्रंबी नेतो. साखळीसकट नेतो. अवसरीत नेलंय, ठावं हाय ना? तू सोडलं म्हून निदान त्याला भुकत जाता आलं. आन् ते पुढं गेलं म्हून तू घरात आलास."

मुलानं विचारलं, "तू चिडला न्हाईस?"

"चिडलोय. पर तुझ्यावर न्हाई," दीर म्हणाले आणि सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई ताटं मांडायला लागल्या. त्या संध्याकाळी दिरांचं पान पहिलं वाढलं गेलं.

बिबट्याचं पोट मी शिवायला घेतलं, तेव्हा पट्टा आत ठेवायचा की नाही हे मुलालाच विचारलं. त्यानं तो काढून काकाच्या हातात दिला. उरलेल्या चिंध्या मात्र मी टाकून दिल्या आणि आमच्या जुन्या गादीचा पिंजलेला कापूस भरला. माझी शिवण वेडीवाकडी झाली. मुलगी तोंड वाकडं करून म्हणाली, "त्या बाईंनी चांगलं शिवलं असतं."

ते खरंच होतं. तरी मी पुन्हा त्या दुकानात गेले नाही. मुलांना मात्र सुट्टी संपेपर्यंत दोनदा जाऊ दिलं, दिरांबरोबर. ते बाकावर बसायचे आणि बाक पुढे ओढायचे नाहीत, असं मुलीनं मला सांगितलं. पाटी काढली का, हे मी तिला विचारलं. तिनं नीट पाहिलं नव्हतं.