लीकचाचा

साबण लावून पाहिल्याशिवाय लीकचाचांचा कशावरही विश्वास बसत नसे. गॅसच्या सिलिंडरला तर ते साबण लावतच, पण माझे मार्गदर्शक असलेल्या सरांच्या मोटारसायकलच्या चाकाला आणि एकदा पाहुणे म्हणून आलेल्या एका शास्त्रज्ञांच्या थर्मासलाही त्यांनी दाढीच्या ब्रशने फेस फासला होता. पाहुणे बघतच राहिले. चाचा वाकून अर्धं मिनिट गळतीच्या बुडबुड्यांची वाट पाहत थांबले आणि म्हणाले, "ठीक हाय. चहा प्या."

अलिबागजवळच्या एका कॉलेजात मी पीएच.डी. करत होते, तेव्हा ते आमच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. त्याआधी सगळी नोकरी थळच्या खतकारखान्यात, फिटर म्हणून. खताच्या अमोनियासाठी हायड्रोजन लागतो. आम्ही पुस्तकात वाचलेला तो वायू चाचांनी आयुष्यभर नळ्यांमधून खेळवला होता. "अमोनिया सुटला तर डोळे सांगतात," ते म्हणत. "ह्याला वास न्हाय, रंग न्हाय. हा सुटला तर फक्त साबण सांगतो." निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून चौलहून रोज एसटीने आमच्याकडे येत.

माझं काम हायड्रोजन साठवण्याचं. मॅग्नेशियमची बारीक पूड हायड्रोजन शोषून घेते आणि तिचं हायड्राइड होतं. मात्र एकदा धरलेला हायड्रोजन ती सुखासुखी सोडत नाही. तीनशे अंशांच्या वर तापवत बसावं लागतं. निकेलसारखा एखादा उत्प्रेरक चिमूटभर घालून ती पूड दळली, तर घेणं-सोडणं झटपट होतं आणि कमी तापवूनही भागतं. कोणता उत्प्रेरक, किती घालायचा, किती तास दळायचं, यातच माझी चार वर्षं गेली.

चाचा उत्प्रेरकाला 'कॅटलिस' म्हणत आणि घरातल्या आजारी माणसासारखं जपत. "कॅटलिसला खायला लागत न्हाय, पण विष लगेच चढतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गंधकाने निकेल बिघडतो, हे त्यांचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. पण अंड्यात गंधक असतं हे कोणीतरी त्यांना सांगितलं आणि माझ्या डब्यातली उकडलेली अंडी प्रयोगशाळेबाहेर गेली. मग कांदा गेला. एकदा सर कांदाभजी खात आत येत होते, तर चाचांनी त्यांनाही दारात अडवलं. माझी पूड बंद पेटीत आर्गॉन वायूखाली असते, भजीचा वाससुद्धा तिथवर पोचत नाही, असं मी समजावून पाहिलं. "पेटीवर भरवसा हाय, पण सरांवर न्हाय," चाचा म्हणाले. सरांनी व्हरांड्यात उभं राहून भजी संपवली.

तिसऱ्या वर्षी आमचा मोठा विजय झाला. पुडीने किती हायड्रोजन घेतला, हे बंद नळीतला दाब किती उतरला त्यावरून काढतात. मॅग्नेशियमच्या हायड्राइडमध्ये वजनाच्या साडेसात टक्क्यांच्या आसपास हायड्रोजन मावतो, त्याहून जास्त नाही. आमचा आकडा नऊच्या वर गेला. मला शंका आली, पण सरांना मात्र आनंदाचं भरतं आलं. "उत्प्रेरकाने काहीतरी वेगळंच घडवलंय," असं म्हणून त्यांनी प्राचार्यांना निरोप धाडला, पेढे मागवले आणि एका वार्ताहराला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पुडीची नळी ज्यात ठेवतात ती भट्टी तापलेली असताना चाचा ब्रश घेऊन आले. सर म्हणाले, "चाचा, काल तपासलंय सगळं."

"थंड होतं तवा तपासलं. आता गरम हाय."

भट्टीच्या बाहेरच्या जोडाला त्यांनी फेस लावला. एक बुडबुडा फुगला, फुटला. मग दुसरा. थंड असताना घट्ट बसणारा तो जोड तापला की सैल होत होता. आमच्या पुडीने घेतलेला जास्तीचा हायड्रोजन खोलीभर फिरून खिडकीतून केव्हाच समुद्राकडे गेला होता. चाचांनी आधी झडप बंद केली, मग सगळ्या खिडक्या उघडल्या. सर खुर्चीवर बसले. तो जोड मीच आवळला होता.

तेवढ्यात पेढे आले, आणि पाठोपाठ वार्ताहर. चाचा पुढे झाले, पेढ्यांचा डबा उघडून त्याच्यासमोर धरला आणि म्हणाले, "घ्या. मला नात झाली."

वार्ताहराने दोन पेढे खाल्ले, चाचांचं अभिनंदन केलं आणि आपल्याला नेमकं कशाला बोलावलं होतं हे विसरून निघून गेला. पुढे वर्षभर कॉलेजातला जो तो नातीची चौकशी करी. चाचांच्या मुलाचं तेव्हा लग्नही ठरलेलं नव्हतं. नाइलाजाने त्यांना नातीला दात आणावे लागले, मग पावलं टाकायला लावावी लागली.

जोड बदलला. सगळी मोजमापं मी पहिल्यापासून पुन्हा केली. आकडा सहाच्या जवळ आला, पण पूड आता पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला, काही मिनिटांत हायड्रोजन सोडत होती. त्यावर माझा प्रबंध झाला. तोवर चाचांच्या गुडघ्यांनी एसटीची पायरी चढायला नकार दिला होता आणि त्यांनी काम सोडलं होतं.

प्रबंधाची प्रत घेऊन मी चौलला त्यांच्या घरी गेले. चाचींनी दार उघडलं, मला खालीवर न्याहाळलं. "ह्यांच्या हाताखाली शिकते ती तूच गो? हे सांगतात, आली तवा तुला काय पन येत नव्हतं. कालेजात ह्यांनीच शिकवलं तुला."

आत पलंगावर बसलेले चाचा एकदम पंख्याकडे बघायला लागले. कारखान्यातल्या फिटरने उतारवयात शिपायाची नोकरी धरली, हे त्यांनी घरी कधी सांगितलंच नव्हतं.

"हो चाची, मीच ती," मी म्हटलं आणि आत जाऊन प्रबंध चाचांपुढे ठेवला. "सर, एकदा नजर टाकता का?"

चाचांनी चष्मा लावला. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण आलेखांशी थांबत, रेघेवरून बोट फिरवत त्यांनी सगळी पानं उलटली. चाची दारात उभ्या होत्या. मग ते गंभीर आवाजात म्हणाले, "बरोबर हाय. सही कुठं करू?"

मी पेन दिलं. पुढच्या वर्षी चाचा गेले. प्रबंधाच्या माझ्याकडच्या प्रतीवर सरांच्या सहीखाली आणखी एक सही आहे, उर्दूत.