आप्पांचे अकरा रुपये आणि कल्लव्वांचे गहू

सन १९२४, तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला सोमवार. रक्कम रुपये अकरा. हजर: आप्पा, आई, थोरली आक्का आणि गाडीवान. कणकुंबीच्या आमच्या घरापुढे बैलगाडी उभी होती. मला निपाणीच्या एका तंबाखू-वखारीत वजनकारकुनाची नोकरी लागली होती. आप्पांनी रुपये फडक्यात बांधून माझ्या हातात ठेवले. "हे खर्चायचे न्हाईत. परत यायचं झालं तर गाडीभाडं." एवढ्यात मी निपाणीहून दोनदा परत आलो असतो. पण आप्पांनी हिशेब अंतराचा केला नव्हता, भीतीचा केला होता. कारण लगेच म्हणाले, "परमुलखात मेलास तर तुझ्या पिंडाला कावळा तरी येईल का रं?"

"निघताना असलं बोलत्यात व्हय?" म्हणून आई त्यांच्यावर ओरडली. पण वाक्य माझ्या गाठोड्यात शिरलं ते शिरलंच.

आक्का, तू विचारायचीस, निपाणी कशी आहे? कणकुंबीत सहा महिने पाऊस आणि पायाला जळवा. इथे काळं रान, उघडं आभाळ आणि गावभर तंबाखूचा नाकाला झोंबणारा वास. पहिला हंगाम मी शिंकण्यात काढला. वर्षाने माझी बायको पार्वती बिऱ्हाडाला आली आणि तीही शिंकू लागली, तेव्हा कुठे मला सोबत झाल्यासारखं वाटलं.

वखारीत पानाची पारख करायला स्ताव्रोसाहेब होते. ग्रीक माणूस. समुद्रापलीकडचं त्यांचं गाव लढाईत जळालं होतं आणि ते बायकोला घेऊन मुंबईमार्गे इथवर आले होते. त्यांच्यापुढे माझं गाव सोडणं म्हणजे परड्यातून ओसरीवर येण्यासारखं. बायकोचं नाव कालिओपी. आमच्या गल्लीने आठवड्यात त्याचं कल्लव्वा करून टाकलं.

साहेब गठ्ठे मोजताना आपल्याच भाषेत पुटपुटत. माझी वही आणि त्यांची मोजणी जुळावी म्हणून मी आधी त्यांचे आकडे शिकलो. एना, दिओ, त्रिया. पुढची भाषा कल्लव्वांनी शिकवली, त्यांच्या पायरीवर बसून, मला आणि पार्वतीला एकदमच. पार्वती माझ्यापुढे गेली. मी शब्द तपासून घेत बसे, ती चुकत चुकत बोलून टाके. कोणी घरी आलं की कल्लव्वा चमचाभर मुरवलेली संत्र्याची साल आणि पेलाभर पाणी पुढे करत. पार्वती म्हणाली, "आमी गूळ-पानी देतोय, तसंच की हे!" तेव्हापासून दोन्ही घरांत जाणं-येणं सुरू झालं.

बारा वर्षांनी स्ताव्रोसाहेब तापाने गेले. बेळगावला त्यांना माती दिली. त्यांच्यात चाळिसाव्या दिवशी उकडलेले गहू वाटतात. साखर, मनुका, डाळिंबाचे दाणे घालून. खाणाऱ्याने म्हणायचं, "थेओस स्खोरेस्तोन", म्हणजे देव त्याला क्षमा करो. जितकी तोंडं बोलतील तितका गेलेल्याला आधार. त्यांचा भटजी इथे नव्हता, माणसं तर नव्हतीच. कल्लव्वा मला म्हणाल्या, "कोणी खाल्लं नाही तर तो इथे एकटाच राहील."

मी गल्लीत सांगून आलो. वखारीतल्या बायका आल्या, शेजारी आले, आणि सगळे अंगणात हात मागे बांधून उभे राहिले. परात भरलेली, पण कोणी पुढे होईना.

"मयताचं अन्न हाय बाई," मुकादमीण बायजाआक्का म्हणाली. "परक्यानं कसं खायचं?"

"खाल्ल्यावर आमाला सुतक किती दिस?" मागून कोणीतरी विचारलं.

"तुला कामाला दांडीच पायजे की नुसती!"

हसू पिकलं, पण परात तशीच. कल्लव्वांचा चेहरा पांढरा पडत चालला होता. तेवढ्यात पार्वतीने, मला न विचारता, पानावर मूठभर गहू घेतले आणि कुंपणाच्या भिंतीवर नेऊन ठेवले. एक कावळा उतरला, तशी कल्लव्वा केरसुणी घेऊन धावल्या. कावळा उडाला. त्या पार्वतीवर ओरडत होत्या आणि पार्वतीला काही उमजेना.

मला उमजलं. "जा कावळ्याकडे" ही ग्रीकांत शिवी आहे. साहेब रागावले की हमालांना तीच घालत. पार्वतीने त्यांच्या नवऱ्यालाच कावळ्याकडे धाडलं, असं त्यांना वाटलं होतं.

इतक्या वर्षांचं माझं ग्रीक त्या दिवशी कामाला लागलं. व्याकरण सोडून दिलं आणि पार्वतीसारखं बोललो. "आमच्यात कावळा शिवला की माणूस समाधानाने गेला. नाही आला तर घरचे उपाशी वाट बघतात. तिने तुमच्या माणसाला आमच्या माणसांत धरलंय."

त्यांनी केरसुणी खाली घेतली, पण सोडली नाही. आम्ही सगळे भिंतीकडे बघत राहिलो. हाकललेला पक्षी परत येईल याची मला खात्री नव्हती. आप्पा, तेव्हा तुमचं वाक्य माझ्या घशात होतं.

तो आला. एकदा मान वाकडी करून केरसुणीकडे पाहिलं आणि गव्हात चोच घातली.

"शिवला!" बायजाआक्का ओरडली आणि तिने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. "वाढ गं कल्लव्वा. काय म्हनायचं तेवढं सांग." मग सगळेच पुढे झाले. 'थेओस स्खोरेस्तोन'चे निपाणीत जितके उच्चार होऊ शकतात तितके त्या दिवशी झाले. परात रिकामी झाली. कल्लव्वा पायरीवर बसून रडल्या, आणि मी भिंतीला टेकून मोकळा श्वास घेतला. माझ्यासाठीही.

त्यानंतर त्या शिवणकाम करून इथेच राहिल्या. यंदा, १९४७च्या फाल्गुनात, मिसर देशातल्या बहिणीने त्यांना बोलावून घेतलं. मोटार-स्टँडवर मी त्यांच्या हातात आप्पांचं फडकं ठेवलं. मुंबईच्या बंदरावरून निपाणी गाठायला एवढे पुरतात, मी चौकशी केली होती. त्यांनी रुपये मोजले ते मराठीत, एकपासून अकरापर्यंत, मोठ्याने. मी ग्रीकमध्ये म्हणालो, "खर्चायचे नाहीत. परत यायचं झालं तर गाडीभाडं."

आप्पा, मला ते लागले नाहीत. इथे कावळा येतो.

रुपये अकरा, अखेर कल्लव्वांस पावले. हजर: मी, पार्वती आणि बायजाआक्का.