दोन कुंड्यांतली एकच वेल

शिरीषने मला फसवलं. एकाच कृष्णकमळाच्या फांद्या दोन कुंड्यांत लावून त्याने त्या दोन वेगळ्या वेली म्हणून माझ्या गळ्यात मारल्या, आणि बदल्यात मी बी रुजवून वाढवलेला कढीपत्ता उचलून नेला.

आज डेकवर कृष्णकमळ उमललं आणि त्या गोडसर वासासरशी स्कारबरो उपनगरातलं त्याचं बॅकयार्ड आठवलं. उन्हात एक जाडजूड भुंगा फुलात फिरत होता. परागांनी त्याची पाठ पिवळी झाली होती. मी घासाघीस करत होतो.

"एका वेलीवर सौदा नाही. दुसऱ्या वेलीचे पराग लागल्याशिवाय ही फळ धरत नाही."

"म्हणून तर दोन देतोय, शेठ! बाकीचं काम हा करेल," भुंग्याकडे बोट दाखवून तो हसला.

तेव्हा तो भुंगा मला शुभशकुन वाटला होता. आता वाटतं, दोघे मिळून मलाच हसत होते.

दर हिवाळ्यात मी त्या कुंड्या बेसमेंटमध्ये उतरवून जगवल्या. उन्हाळ्यात भुंगे आले, फळ मात्र एकही धरलं नाही. परवा शिरीषची बायको सहज बोलून गेली, "अहो, आमच्याकडे होतीच कुठे दुसरी वेल?"

शिरीष, फोन न उचलता किती दिवस लपशील? माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोललास, त्याचं उत्तर दे.