जासईला असताना तुर्भ्यात

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. कॅन्सरच्या नर्सिंगमध्ये आयुष्य गेलं... इतकी माणसं जाताना पाहिली, पण परत कुणी आलेलं पाहिलं नाही. तरी हे लिहितेय, कारण आठवलं की आजही डोकं फिरतं.

सत्त्याण्णव साल. वाशीच्या एका क्लिनिकमधून मी पेशंटच्या घरी ड्रेसिंगला जायचे. तुर्भ्याच्या चाळीत आनंदराव होते — मार्केटमधले माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे. मानेवर गाठ, शेवटची स्टेज. त्यांची बायको मला दारातच गाठायची.

"सिस्टर, गोणी वाहून गाठ पिकलीया, एवढंच सांगायचं. त्यो शबुद घरात नको."

आणि आनंदराव दर वेळी विचारायचे, "सिस्टर, खरं बोला. हातपाय चालत्यात तवर गाव बघायचंय. ही म्हनती, बरं झाल्यावर जाऊ."

कसलं बरं होणं! मी क्लिनिकच्या डॉक्टरांना म्हटलं, "सर, मला सांगू द्या त्यांना."

"तुम्ही ड्रेसिंग बघा, सिस्टर. सांगायचं ते मी सांगेन."

सांगेन, सांगेन... कधी? तिरडी बांधल्यावर?

एका मंगळवारी आम्ही तुर्भ्यापासून लांब, जासईच्या पेशंटकडे गेलो. डॉक्टरांच्याच गाडीतून, दिवसभर त्यांच्याच सोबत. दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदरावांची बायको क्लिनिकमध्ये येऊन माझ्यावर तुटूनच पडली.

"काल दुपारी येऊन सांगितलंत न्हवं त्यास्नी? हात धरून? मीच तुमाला च्या दिला की!"

"अहो वहिनी, मी काल जासईला होते! सर, सांगा ना यांना!"

सर म्हणाले, "आधी कधीतरी बोलला असाल." आणि माझ्या व्हिजिट्स बंद केल्या. स्वतःच्या डोळ्यांनी मला दिवसभर समोर पाहिलेला माणूस! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आनंदराव त्याच दिवशी हट्ट करून गावाला गेले. ते वारल्यावर वहिनी मला भेटायला आल्या. आता सूर वेगळाच होता.

"अंगनात बसून असायचं. भावाशी अबोला व्हता, त्यो बी सुटला. तुमी सांगितलं म्हनून, सिस्टर."

"वहिनी, खरंच मी आले नव्हते."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "असं कसं? माज्या पाठीवरनं हात फिरवलात की तुमी."

कोण आलं होतं, मला आजही माहीत नाही. राग मात्र तसाच आहे. जी कोण आली होती, तिला सरांची परवानगी लागली नाही. मला लागायची.